चार मात्रांची रिकामी जागा

त्या सीडीच्या कव्हरवर आम्ही अकरा जण आहोत. माझी धाकटी बहीण नाही. फोटो तिनंच काढला होता. ऊन तिच्या पाठीमागून होतं, त्यामुळे तिची सावली तेवढी फोटोत आली आहे. खालच्या बाजूला, आमच्या पावलांवर पडलेली. कॅमेरा धरलेल्या हातांची दोन्ही कोपरं ओळखू येतात. नाटकातही तिचं तसंच होतं. बारा जणांच्या संचात ती एकटीच अशी, जी प्रेक्षकांना शेवटपर्यंत दिसत नसे.

नीट सांगते. मी शाळेत गणित शिकवते, सत्तावीस वर्षं झाली. पायरी गाळून उत्तर काढलेलं मला चालत नाही, मुलं त्यावरून माझ्या नकला करतात, करू देत. हेही पायरीपायरीनंच सांगणार आहे.

आम्ही लहान असताना टीव्हीवर एक मालिका लागायची. तेव्हा आम्ही गावी होतो, नरखेड तालुक्यात, आणि अख्ख्या गावात तीन टीव्ही. एक आमच्याकडे. मालिकेची गोष्ट एवढीच की एका घरात एक बंद खोली आहे आणि खोलीत घरातली मुलगी आहे. ती बाहेर येत नाही. घरचे लोक दाराशी जाऊन तिच्याशी बोलतात, ती आतून उत्तर देते. शेवटच्या भागात दार उघडतात तर आत कोणी नाही. पलंग, खिडकी, बस. आणि तरी पलंगाच्या बाजूनं तिचा आवाज येतो, "दार लोटून घे, वारा येतो." तो भाग पाहून आमच्या ओसरीत जमलेली सगळी पोट्टी गप्प घरी गेली. मला पुढे महिनाभर मोरीत जायला आई सोबत लागायची. धाकटी माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, पण तिला भीती नावाचा प्रकारच नव्हता. ती संत्र्याच्या पेट्या ठेवायच्या खोलीत शिरून दार लावून घ्यायची आणि त्याच आवाजात आतून उत्तरं द्यायची. आई ओरडायची, "बाहेर निघ वं, नाही तं पाठीत धपाटा घालीन." आतून उत्तर यायचं, "अजून नाही. अजून थोडं थांब."

पुढे आम्ही दोघी नागपुरात आलो, मी शाळेत, ती एका कचेरीत, आणि सक्करदऱ्यात एकत्र राहू लागलो. मी लग्न केलं नाही. का ते विचारायचं नाही. धाकटीचं जमत आलं होतं. संध्याकाळी आम्ही एका हौशी नाटक मंडळात जायचो. तिथल्या सरांच्या डोक्यात एके दिवशी ती जुनी मालिका शिरली. त्यांनी लेखकाची परवानगी मिळवली, अकरा गाणी बांधली आणि तिचं संगीत नाटक केलं. आईची भूमिका मला दिली, कारण माझा आवाज जाड आणि अंगही जाड. बंद खोलीतला आवाज धाकटीचा. दुसऱ्या कोणाचा असणार? तिची तालीम तर पेट्यांच्या खोलीत पाचव्या वर्षापासून चालली होती.

नाटक बरं चाललं, म्हणून सर म्हणाले, आपल्या संचाच्या आवाजात गाण्यांची सीडी काढू. आमचा आवाजवाला गांधीबागेत कापडाचा ठोक व्यापारी होता, हौसेखातर हे काम करायचा. त्याच्या गोदामात रेकॉर्डिंग झालं. चारी भिंतींना छतापर्यंत कापडाची थानं. "कपडा आवाज खाते मॅडम," तो मला म्हणाला, "इथं एकदम सुखा साउंड भेटते." तसंच झालं. त्या सीडीत आवाजाभोवती खोली नाही, भिंत नाही, काही नाही. धाकटी गाते तेव्हा श्वास घेतलेला ऐकू येतो आणि वाटतं, ही आपल्या कानाशी वाकून उभी आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या आवाजवाल्याची काम करायची एक रीत होती. प्रयोगाला एखादा नट आलाच नाही तर पंचाईत नको, म्हणून तो प्रत्येक गाण्याची दुसरी प्रत काढून ठेवायचा, एकेकाचा आवाज वगळून. माझा आवाज काढलेली एक सीडी होती. तीत चौथं गाणं, आम्ही त्याला हाकेचं गाणं म्हणायचो, असं होतं की पेटी वाजते आहे, धाकटी बोलते आहे, आणि जिथं आईनं बोलायचं तिथं चार मात्रांची रिकामी जागा. संथ लय, त्यामुळे चार मात्रा म्हणजे बराच वेळ होतो. तेवढ्यात माणूस एक प्रश्न सहज विचारू शकतो. सीडीवर त्यानं मार्करनं लिहिलं होतं, "खाली", म्हणजे रिकामी.

रेकॉर्डिंगनंतर दोन महिन्यांनी धाकटीला ताप आला. चौथ्या दिवशी दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, रात्र जाऊ द्या, बघू. ती मला म्हणाली, "ताई, आईले बोलाव." मी म्हणाले, बोलावते. दुपारी पुन्हा म्हणाली. दुसऱ्या दिवशी आमचा प्रयोग होता, धाकटीच्या जागी कोण उभं राहणार याचा घोळ चालला होता, आणि आई आली की तिला स्टँडवरून आणायचं, तिचं जेवण, तिचं रडणं, हे सगळं माझ्या अंगावर येणार. माझं डोकं फिरलेलं होतं. म्हटलं, प्रयोग झाला की बोलावू. संध्याकाळी दीड तास तालमीला जाऊन आले. धाकटीच्या उशाशी फोन ठेवला, काही लागलं तर मला लाव म्हणून सांगितलं. परत आले तर तिनं तिसऱ्यांदा विचारलं नाही. नुसती छताकडे पाहत होती. मला वाटलं, बरं झालं, समजली.

सकाळी आठला ती गेली.

आईला फोन करायला मला दीड तास लागला. साडेनऊला लावला. आई म्हणाली, "येतो," आणि फोन ठेवला. साडेदहाला ती दवाखान्याच्या दारात उभी होती, हातात कापडाची पिशवी. तिनं काही विचारायच्या आधीच मी बोलून बसले, "तीच म्हणाली आई, आईले तरास नको देऊ म्हणे." आई माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हाव. तशीच होती ते."

हे खोटं मी अकरा वर्षं सांभाळलं. देवाशपथ सांगते, एक दिवस असा गेला नाही की मला ते बोचलं नाही. दर दिवाळीला ठरवायचे, यंदा आईला खरं सांगायचं. दर दिवाळीला आई म्हणायची, चकल्या कडक झाल्या वं, आणि मी चकल्यांवर बोलायचे.

नाटक महिनाभरानं पुन्हा उभं राहिलं. धाकटीच्या जागी कोणाला घ्यायचं? सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिचा आवाज आहे आपल्याकडे." मी हो म्हणाले. लोक म्हणाले, किती धीराची बाई. कसला धीर! मला तो आवाज हवा होता, बस. पुढचे नऊ प्रयोग मी खोट्या दारापुढे उभी राहून मेलेल्या बहिणीला हाका मारल्या आणि तिनं अगदी मात्रेवर उत्तरं दिली. सहा उत्तरं होती, मला अजून पाठ आहेत. आई, मी इथेच आहे. ओळखलंस ना मला? हो गं, जेवले. अजून नाही, अजून थोडं थांब. ते ताईला विचार, तिला सगळं ठाऊक आहे. आता दार लोटून घे, वारा येतो.

नवव्या प्रयोगात पाचव्या उत्तराआधी माझी ओळ गेली. डोकं कोरं. चार मात्रा तशाच गेल्या, मी काहीच विचारलं नाही, आणि तरी दाराआडून तिनं शांतपणे सांगितलं, "ते ताईला विचार. तिला सगळं ठाऊक आहे." अंक कसा संपवला मला आठवत नाही. त्यानंतर मी नाटक सोडलं ते सोडलंच.

दोन वर्षांपूर्वी आईला मी सक्करदऱ्याला आणलं. ती विसरायला लागली होती. आधी गॅस, मग दिवस, मग माणसं. गावाकडे चुलतभाऊ शेती बघतो, त्यानंच कळवलं की काकू विहिरीवर जाऊन बसते आणि परत यायचा रस्ता विचारते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हे वाढत जाणार, आधी नावं जातील, मग शब्द जातील. मी घरी येऊन हिशेब केला, म्हणजे पैशाचा नाही, वेळेचा. खरं सांगायचं तर आईला ते समजायला हवं, आणि समजायचं तिचं थोडंच उरलं होतं. तरी मी दोन वर्षं घालवली. आज तिची तब्येत बरी नाही, आज ती खुशीत आहे, उगाच कशाला. बहाण्यांना काय तोटा!

या मे महिन्यात, शाळेला सुट्ट्या लागल्यावर, दुपारी ती फार अस्वस्थ व्हायची. बाहेर ऊन असं की खिडकीच्या गजाला हात लागला तर चटका. खोलीत हिरवे पडदे, कूलरची घरघर, आणि आई या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालते आहे. त्या दिवशी सकाळी तिनं मला विचारलं होतं, "तुमी स्वयंपाकाले येता ना?" मी हो म्हणून टाकलं होतं. तर दुपारी मला ते कव्हर सापडलं, अकरा जणांचं. म्हटलं, धाकटीचा आवाज ऐकेल, जरा बसेल. जुना प्लेयर पुसला, सीडी घातली, सरळ चौथं गाणं लावलं. सीडीवर काय लिहिलंय ते बघितलं नाही. आवाजवाल्यानं कधीतरी अल्बमच्या कव्हरात "खाली" वाली घालून ठेवली होती.

पेटी वाजली. श्वास ऐकू आला. "आई, मी इथेच आहे."

आई येरझारा घालता घालता थांबली. प्लेयरकडे नाही, पलंगाच्या कोपऱ्याकडे वळली. "इथी? कवाची आली वं?"

"ओळखलंस ना मला?"

"अवं, तुले नाही ओळखीन तं कोणाले ओळखीन? जेवली काय?"

"हो गं, जेवले."

मी खुर्चीत बसले होते ती तशीच राहिले. अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत. आणि त्या काट्याबरोबरच मला हेवा वाटला. सकाळी मला स्वयंपाकीण ठरवणारी बाई, अकरा वर्षांपूर्वी मेलेल्या पोरीला एका श्वासावरून ओळखते! आईनं विचारलं, "मंग घरी कवा येशीन?" आतून आलं, "अजून नाही, अजून थोडं थांब." आईनं मान डोलावली. मग विचारलं, "माही नथ कुठी ठेवली वं?" "ते ताईला विचार. तिला सगळं ठाऊक आहे." आई माझ्याकडे वळली. "नथ कुठी हाय?" नथ माझ्याच कपाटात होती. मी उठून काढून दिली. शेवटी "दार लोटून घे" ऐकल्यावर आई उठली, खोलीचं दार नीट लोटलं आणि पलंगावर आडवी होऊन झोपली. कितीतरी दिवसांनी अशी झोपली.

मग रोज चार वाजता ते सुरू झालं. मी लावलं नाही तर ती प्लेयरपाशी जाऊन उभी राहायची. धाकटीची उत्तरं तीच सहा, पण आईचे प्रश्न रोज निराळे, आणि ते बसायचे. बगीच्यात पाणी सोडलं काय? अजून नाही. भावजी गेले काय? अजून नाही. एकदा आई मला कौतुकानं म्हणाली, "कशी पुस्तकासारखी बोलून राहिली पाहा. नागपुरात शिकली न ते." मला हसू आलं आणि हसताना रडू आलं.

एका दुपारी चारच्या ठोक्याला वीज गेली. कूलर थांबला, प्लेयर गप्प. मी आईला समजवायला गेले तर ती आपल्या जागेवर बसून पलंगाच्या कोपऱ्याकडे पाहत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "हाव, दिसली." थांबली. "तुले नाही तं कोणाले." थांबली. मी नकळत हातावर मात्रा मोजायला लागले. ती बोलत होती ती चार मात्रांच्या जागेत, आणि गप्प होती ती बरोबर धाकटीच्या ओळीएवढी. एकदाही चुकली नाही. ज्या बाईला वार सांगता येत नाही! शेवटी उठून तिनं दार लोटलं. मी म्हणाले, "आई, आज तर काही वाजलंच नाही." ती म्हणाली, "आज तं तिनं नवीनच सांगितलं."

"काय सांगितलं?"

"तुमाले काहून सांगू?"

त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. मी, जी वर्गात पोरांना भुताखेतांवरून झापते, ती मी.

दोन दिवसांनी, वीज होती, सीडी नीट चालली होती, आईनं नेहमीच्या जागी विचारलं, "त्या दिवशी लय दुखलं काय वं तुले?"

"ते ताईला विचार. तिला सगळं ठाऊक आहे."

आई वळली. माझ्याकडे पाहिलं. आजवर नथीसाठी पाहायची तसंच, साधं. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. मागून सहावं उत्तर ऐकू आलं आणि दार लोटल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी मी तडक गांधीबागेत गेले. म्हटलं, ही रिकामी सीडी घरातून काढायची, पूर्ण अल्बम आणायचा. त्यात माझे प्रश्न आहेत, आईला जागाच उरणार नाही. आवाजवाला आता म्हातारा झाला आहे, थानं तशीच आहेत. त्यानं एका गठ्ठ्यामागून सीडी काढून दिली. "पण खाली वाली काहून ऐकून राहिले होते मॅडम? ते तं आपल्या कामाची." मी म्हणाले, चुकून. तो गठ्ठा परत लावत म्हणाला, "मी पण एकदा लावली होती इथं. मग नाही लावली." का ते मी विचारलं नाही. गोदामात आपलाच आवाज तोंडाबाहेर पडून नाहीसा होत होता, आणि मला लवकर उजेडात जायचं होतं.

चारला नवी सीडी लावली. धाकटी म्हणाली, आई, मी इथेच आहे. त्यावर माझा आवाज आला, अकरा वर्षांपूर्वीचा, जाडाभरडा, सुरात. आईचं तोंड उतरलं. तिनं दोनदा मधे बोलायचा प्रयत्न केला, दोनदा माझ्या आवाजानं तिला दाबलं. मग ती हातानं वारत ओरडली, "हे कोण होय मधामधात बोलून राहिली? चूप करा तिले! माह्या पोरीले बोलू देत नाही!"

मी बंद केलं. मला इतकं लागलं की सांगता येत नाही. पण ते खरंच होतं. दवाखान्यातही मी हेच केलं होतं. पोर आईला हाक मारत होती आणि मधे मी उभी होते.

त्याच दुपारी मी ठरवलं, आजच. "खाली" वाली परत घातली. आई शांत झाली, कोपऱ्याकडे वळून बसली. पहिलं उत्तर झालं, दुसरं, तिसरं, चौथं. आईनं विचारलं, "मी आलो नाही म्हणून रागावली काय वं?" आणि पाचवं उत्तर यायच्या आत मी प्लेयर थांबवला. धाकटीचा श्वास घेतलेला ऐकू आला आणि तिथंच तुटला. चार मात्रा मला पुरणार नव्हत्या.

मी आईच्या पायाशी फरशीवर बसले. "मला विचार," म्हणाले. "तिनं तीनदा नाही, दोनदा सांगितलं होतं, आईले बोलाव. मी बोलावलं नाही. तालमीला गेले. आणि तुला खोटं सांगितलं की तीच नको म्हणाली. ती नको म्हणाली नव्हती, आई. ती तुझी वाट पाहत होती." एवढं बोलले आणि मग जे रडू आलं ते आवरेना. आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"रडू नोका, बाई," ती म्हणाली.

बाई. मी वर पाहिलं. ती माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तशी, दया येऊन बघत होती.

"मले मालूम हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "पोरीनं मले फोन केला होता. दिवेलागणीले. आई ये, म्हणे. मी म्हणलं, शेवटची एसटी गेली वं माय, सकाळच्या गाडीनं येतो. सकाळीच निघालो मी. गाडीतच होतो, तं मोठीचा फोन आला."

कूलर घरघरत होता. साडेनऊला फोन, साडेदहाला दारात. गावाहून नागपूरला यायला कशीही केली तरी अडीच तास लागतात. पिशवीत चार दिवसांचे कपडे होते, मीच नंतर घड्या घालून ठेवले होते. अकरा वर्षं ती वजाबाकी माझ्यासमोर पडली होती आणि मी केली नव्हती.

"मग तू बोलली काहून नाही?" मी विचारलं.

आईनं दाराकडे पाहिलं, कोणी ऐकत नाही ना म्हणून. मग माझ्याजवळ वाकली. "माही मोठी शाळेत मास्तरीण हाय. लय तापट, पण मनानं कच्ची. तिले वाटते का मले काही मालूम नाही. त्याच्याच भरोशावर उभी हाय ते. मी बोललो असतो तं मेली असती वं दुसरीबी." तिनं माझा हात घट्ट धरला. "तुमी तिले नोका सांगू हे. शपथ हाय माही."

मी म्हणाले, नाही सांगणार.

"लावा आता. ते थांबली असन."

मी प्लेयर चालू केला. तुटलेला श्वास पुढे सुरू झाला. ताईला विचार, धाकटी म्हणाली, तिला सगळं ठाऊक आहे. आई कोपऱ्याकडे बघून नुसती हसली, तिनं काही विचारलं नाही. मग धाकटी वारा येतो म्हणाली तेव्हा आईनं उठून दार लोटलं आणि पलंगावर पडल्या पडल्या मला विचारलं, "मोठी कवा येते शाळेतून?"

"साडेपाचला," मी म्हणाले.

साडेपाचला मी तोंड धुतलं, साडी बदलली, शाळेची पर्स खांद्याला अडकवली, पायात चप्पल घातली आणि हळूच बाहेर पडून मागे दार ओढून घेतलं. जिन्यात दोन मिनिटं उभी राहिले. आतून काही ऐकू येत नव्हतं. मग बेल वाजवली. पावलं आली, दार उघडलं, आणि दारात आई उभी होती. तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"आली काय वं माय? कशी सुकून गेली उन्हानं. पाणी पे आधी."

मी आत आले, पर्स ठेवली. तिनं स्वतः माठातून पेला भरून आणला, अर्धा फरशीवर सांडला.

"आई," मी विचारलं, "दुपारी कोणी आलं होतं काय?"

ती माझ्याकडे पाहत राहिली, त्या दिवशी दवाखान्याच्या दारात पाहत होती तशीच.

"नाई वं," ती म्हणाली. "कोण येते?"

मी पाणी प्याले.